राजा अली खान आणि त्याचे न्यायाधीश

खानदेशच्या फारुकी घराण्याविषयी आमच्या सुशिक्षितांचे ज्ञान बहुधा एका ओळीपुरतेच असते: १६०१ साली अकबराने असीरगड घेतला व हे राज्य बुडाले. थाळनेरास तापीकाठी ज्यांच्या कबरी आहेत, त्यांची दोनशे वर्षांची कारकीर्द केवळ तिच्या अंतावरून ओळखली जावी, हे आम्हांस उचित वाटत नाही. त्यातही या घराण्याचा अखेरचा समर्थ सुलतान राजा अली खान (१५७६–१५९७) याजवर इतिहासलेखकांनी विशेष अन्याय केला आहे.

त्याजवरील मुख्य आरोप दुटप्पीपणाचा. १५८६ साली वऱ्हाडावर मोगल सेना चालून आली, तेव्हा तो अहमदनगरकरांस मिळाला; १५९१ साली अकबराचा वकील फैजी आला, तेव्हा त्याने बादशहाचे मांडलिकत्व पत्करले. परंतु उत्तरेस मोगल, दक्षिणेस निजामशाही, पश्चिमेस नुकताच मोगलांनी गिळलेला गुजरात, आणि मध्ये तापीचे चिंचोळे खोरे, ही स्थिती ध्यानी घेता, ज्यास टीकाकार चंचलता म्हणतात तीस आम्ही आत्मरक्षण म्हणू. बलाढ्यांनी पक्ष बदलला तर ती राजनीती, दुर्बळांनी बदलला तर ती बेइमानी, हे माप न्यायाचे नव्हे.

या मापाचा पोकळपणा त्याच्या मृत्यूने उघड केला. १५९७ साली गोदावरीच्या खोऱ्यात, सोनपेठनजीक, मोगलांच्या बाजूने दक्षिणी फौजांशी लढताना तो पडला. तो रणांगणात दिसेना, तेव्हा तो पळाला किंवा शत्रूस मिळाला असे समजून मोगल सैनिकांनी त्याचाच तळ लुटला. पुढे त्याचे प्रेत सापडले. ही हकीकत मोगलांच्याच इतिहासांत नमूद आहे. ज्यांच्यासाठी त्याने प्राण दिले त्यांनाही त्याची निष्ठा त्याच्या प्रेतावरूनच पटावी, याहून मांडलिकाच्या जिण्यावर अधिक बोलके भाष्य कोणते?

आता त्याची स्वतःची साक्ष पाहू. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत १५९० सालचा एक संस्कृत शिलालेख आहे. आरंभी सृष्टिकर्त्यास वंदन, मग फारुकींची वंशावळ, आणि मशीद बांधविणाऱ्याचे नाव आदिलशहा! मोगल लेखकांचा राजा अली खान आपल्या घरी शहा म्हणवीत होता, आणि ते संस्कृतातही कोरवीत होता. एवढ्यावरून त्यास आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभावी ठरविणे हा उलट बाजूचा अतिरेक होईल. तथापि आपली प्रजा कोण आहे, हे तो जाणून होता, इतके तरी खचित म्हणता येते.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे व थाळनेर धुळे जिल्ह्यात; पण प्रांतांच्या सीमा इतिहासास बांधीत नाहीत. धुळ्याजळगावच्या अभ्यासकांनी परक्यांच्या दरबारी तवारिखांबरोबर हा शिलालेखही वाचावा. आरोपीची साक्ष न ऐकता दिलेला निकाल आम्ही तरी निकाल मानीत नाही.