कादंबरी आणि जबानी

जोसेफ कॉनरॅड ह्याची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही छोटेखानी कादंबरी आम्ही महाविद्यालयांत पुष्कळ वर्षें शिकवीत आलों आहों. परसत्तेच्या ढोंगावर इतका कठोर प्रहार करणारी कृति इंग्रजी वाङ्मयांत विरळा, असें आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्यांस सांगत असूं, आणि तें सांगतांना आम्हांस थोडी धन्यताही वाटत असे. एके वर्षीं तास संपतां संपतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, ह्यांत जीं आफ्रिकन माणसें मरतात, त्यांपैकीं एकाचें तरी नांव पुस्तकांत आलें आहे काय?” आम्हीं घरीं येऊन पुस्तक पुन्हां पहिल्यापासून वाचलें. एकही नांव सांपडलें नाहीं. पुढील विवेचन हें त्या प्रश्नास दिलेलें, फार उशिराचें, उत्तर आहे.

इ. स. १८८५ पासून १९०८ पर्यंत काँगोचा अफाट मुलूख हा बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याची खासगी मालमत्ता होता. तोंडीं सुधारणेची भाषा आणि डोळा हस्तिदंतावर व रबरावर, असा तो कारभार. गांवागांवावर रबराचा कर बसला. कर न भरणाऱ्यांच्या बायका ओलीस धरल्या जात. आणि शिपायांनीं काडतुसें फुकट दवडलीं नाहींत ह्याचा पुरावा म्हणून मारलेल्या माणसाचा हात तोडून आणावयाचा, असा प्रघात पडला. कित्येकदां जिवंत माणसांचेही हात तुटले. १८९० सालीं मातादी येथें कॉनरॅडची रॉजर केसमेंट नांवाच्या एका आयरिश तरुणाशीं गांठ पडली व दोघे कांहीं दिवस एकत्र राहिले. पुढें एकाची कादंबरी १८९९ सालीं मासिकांतून प्रसिद्ध झाली. दुसऱ्यानें ब्रिटिश कॉन्सल ह्या नात्यानें १९०३ सालीं काँगोच्या अंतर्भागांत फिरून सरकारास अहवाल सादर केला. हीं दोन लिखाणें शेजारीं ठेवून वाचण्यासारखीं आहेत.

कादंबरीचे गुण नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. किनाऱ्यावरील रानावर उगाच तोफा डागणारी फ्रेंच युद्धनौका, झाडांच्या सावलींत मरणाची वाट पाहत पडलेले मजूर, आणि त्यांच्यापासून हांकेच्या अंतरावर इस्त्रीच्या कपड्यांत हिशेब लिहीत बसलेला गोरा कारकून, हीं चित्रें वाचकाच्या मनांतून जात नाहींत. तथापि ह्या चित्रांत दुःख आहे, दुःखी माणूस नाहीं. काळोख, धुकें, नदी व अरण्य ह्यांच्या रंगांत तो मिसळून जातो. सबंध पुस्तकांत आफ्रिकन माणसें जेमतेम दोन वेळां इंग्रजींत बोलतात, आणि तीं वाक्येंही मोडकींतोडकीं. शेवटीं मनांत घर करून राहतो तो गोऱ्या कुर्ट्झचा अधःपात. नायजेरियाचा कादंबरीकार चिनुआ अचेबे ह्यानें १९७५ सालीं एका व्याख्यानांत कॉनरॅडवर वर्णद्वेषाचा उघड आरोप केला. तें व्याख्यान प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस तो अतिरेक वाटला होता. आज आरोपाचा शब्द आम्ही कदाचित् सौम्य करूं, परंतु त्यांतील मर्म नाकारणार नाहीं.

आतां केसमेंटचा अहवाल पाहावा. त्याची भाषा कचेरीची आहे. कोठल्या गांवीं पूर्वीं किती वस्ती होती व आतां किती उरली, कर काय बसला, तो कसा वसूल झाला, ह्यांच्या नोंदी तो एखाद्या कुळकर्ण्याच्या धिम्या हातानें करीत जातो. परंतु मध्येंच तो बाजूस सरतो आणि घरेंदारें सोडून पळून आलेल्या लोकांस बोलूं देतो. रबराच्या वेली जवळपास उरल्या नाहींत म्हणून रानांत दूर दूर जावें लागलें, मागें शेतें ओस पडून उपासमार झाली, कोणास बिबळ्यानें खाल्लें, आणि रबर कमी भरलें कीं शिपाई येऊन गोळ्या घालीत, असें ते सांगतात. येथें गूढ काळोख कोठेंच नाहीं. कोणीं, कोठें, कशासाठीं, हें सर्व लख्ख दिसतें; आणि जें दिसतें त्याचा जाब विचारतां येतो.

ह्या अहवालाची पुढील कथा आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नास येऊन भिडते. १९०४ सालीं तो छापतांना ब्रिटिश परराष्ट्रखात्यानें त्यांतील नांवें काढून त्यांच्या जागीं नुसतीं अक्षरें घातलीं. साक्षीदारांच्या जिवास धोका होता, असें कोणी म्हणेल, व तें अगदींच खोटें नाहीं. परंतु अपराध्यांचीं नांवेंही त्याच कात्रीखालीं गेलीं. केसमेंट संतापला तें उगाच नव्हे. नांव पुसलें कीं साक्ष अफवेसारखी दिसूं लागते.

त्याच वर्षीं मार्च महिन्यांत लिव्हरपूल येथें काँगो सुधारणा मंडळ स्थापन झालें. त्याचा प्राण जो ई. डी. मॉरेल, तो मूळचा एका जहाज कंपनींतील कारकून. काँगोहून रबर व हस्तिदंत भरभरून येतें आणि तिकडे जातात त्या मुख्यतः बंदुका व काडतुसें, अर्थात् मालाचें मोल तेथील लोकांस मिळतच नाहीं, हें त्यानें जहाजांच्या हिशेबांतून ओळखलें होतें. मिशनरी ॲलिस हॅरिस हिनें १९०४ सालीं घेतलेल्या एका छायाचित्रांत न्साला नांवाचा बाप आपल्या बोआली ह्या चिमुकल्या मुलीचा तोडलेला हात व पाऊल समोर ठेवून बसला आहे. अशीं छायाचित्रें जादूच्या कंदिलानें गांवोगांवच्या सभांतून दाखविलीं गेलीं. १९०८ सालीं राजास काँगो बेल्जमच्या सरकारच्या हवालीं करावा लागला. जुलूम त्या दिवशीं संपला नाहीं, परसत्ता तर १९६० पर्यंत राहिली. तथापि एका राजाची खासगी मालकी गेली, ती मुख्यत्वें हिशेब, जबान्या व छायाचित्रें ह्यांच्या जोरावर.

येथें एक आक्षेप न्याय्य आहे. खुद्द मॉरेल कॉनरॅडच्या कादंबरीस ह्या विषयावरील सर्वांत प्रभावी लेखन मानीत असे. कॉनरॅडनेंही १९०३ सालीं केसमेंटला पत्र लिहून ह्या जुलमाचा निषेध केला. चळवळींत मात्र तो उतरला नाहीं. आम्हांस वाटतें, कादंबरीनें सुशिक्षितांच्या मनांत अस्वस्थता पेरली, आणि हें काम लहान नव्हे. परंतु अस्वस्थता व जबाबदारी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीनें झोंप उडते. दुसरीनें माणूस उठून पत्र लिहावयास बसतो.

अशीं पत्रें लिहावयास लावणारी चळवळ पुढें १९६१ सालीं निघाली. पीटर बेनेन्सन ह्यानें लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्रांत विसरल्या गेलेल्या कैद्यांविषयीं लेख लिहिला, आणि त्यांतून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. त्या लेखांत निवडक कैद्यांचीं नांवें होतीं. काँगोच्या शेजारच्या अंगोलांतील डॉक्टर व कवि अगोस्तिन्यु नेतु हा त्यांपैकीं एक. केसमेंटच्या अहवालांतून जें कापलें गेलें होतें, तेंच येथें अग्रभागीं आलें.

कॉनरॅडची कादंबरी आम्ही यंदाही शिकवूं. परंतु तिच्याबरोबर केसमेंटच्या अहवालांतील कांहीं पानें वर्गांत मोठ्यानें वाचावयाचीं, आणि आरंभींच फळ्यावर न्साला व बोआली हीं दोन नांवें लिहावयाचीं, असें आम्हीं ठरविलें आहे. ज्या विद्यार्थिनीनें हें आम्हांस शिकविलें, ती आतां वर्गांत नाहीं. हा लेख तिच्या दृष्टीस पडावा, एवढीच इच्छा आहे.