अपवाद की पळवाट?

जर्मन लष्करी वस्तूंच्या संग्राहकांसाठी लिहिलेली सूचिपुस्तके मी गेली काही वर्षे वाचतो आहे. मी स्वतः संग्राहक नाही. नाझी राजवटीची पदके घरात ठेवावीत असे मला वाटत नाही. माझे कुतूहल आहे ते या पुस्तकांतल्या ‘व्हेरिएशन’ या शब्दापुरते.

1 सप्टेंबर 1939 रोजी, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, हिटलरने आयर्न क्रॉस पुन्हा सुरू केला. त्याची घडण ठरलेली होती: काळा रंग दिलेला लोखंडी गाभा आणि भोवती चंदेरी चौकट. म्हणजे लोहचुंबकाला तो चिकटायलाच हवा. तरीही न चिकटणारे, पितळी गाभ्याचे क्रॉस सापडतात आणि त्यांतले काही युद्धकाळातले मानले जातात. इथे संग्राहक एक कथा सांगतात, की हे नौदलासाठी, पाणबुडीच्या होकायंत्रावर परिणाम होऊ नये म्हणून केलेले. मला ती पटत नाही. अख्खी पाणबुडी पोलादाची. तिथे छातीवरच्या चिमूटभर लोखंडाची काय मातब्बरी! पण कथा जोडली की अपवादाची किंमत चढते. नियमात बसला तो अस्सल, न बसला तो दुर्मीळ. मग खोटा ठरायचा तरी कोणता?

पोथीचा संपादक पाठभेद असा मोकाट सोडत नाही. तो कोणत्या पोथीत, कोणत्या पिढीत शिरला हे आधी पाहतो. संग्राहकांकडेही अशी एक कसोटी आहे, ठशाच्या व्यंगाची. चौकटीचा ठसा वापराने तडकतो, आणि तडा वाढतच जातो. 1957 च्या पश्चिम जर्मन कायद्याने स्वस्तिकाची पदके मिरवायला बंदी केली; मध्यभागी ओकची पाने असलेली नवी आवृत्ती निघाली. चौकटीचे काही ठसे मात्र जुनेच राहिले. त्यामुळे एखाद्या स्वस्तिकाच्या क्रॉसवरचा तडा या नव्या आवृत्तीवरल्या तड्याहून वाढलेला दिसला, तर तो क्रॉस 1957 नंतरचा. नाइट्स क्रॉसच्या बाबतीत ही तुलना फार उपयोगी पडली. कारखाना तोच, ठसा तोच. पण तो क्रॉस कोणत्याही सैनिकाला कधी दिलेला नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक सूचींत मात्र अपवादाचे छायाचित्र असते, किंमत असते. तो कोणाच्या घरातून, कोणत्या साली बाहेर आला, हा रकानाच नसतो.