किट चालू झालं, गिटार मात्र दबली

मंडळी, या वेळी पेपरची नाही, एका कागदाची समीक्षा करतोय. लॅमिंग्टन रोडवरून गिटार अ‍ॅम्प्लिफायरचं किट आणलं, त्यात पाठपोट छापलेला सूचनांचा कागद होता. पंचवटी एक्सप्रेसने नाशिकला येताना तो दोनदा वाचला आणि वाटलं, हे तर एका संध्याकाळचं काम!

आधी चांगलं काय ते सांगतो. एलएम-३८६ ही आयसी, ९ व्होल्टची बॅटरी, मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर. बोर्डवर प्रत्येक भागाची जागा छापलेली, कपॅसिटरची धन बाजू ठळक. मी पहिल्यांदाच सोल्डरिंग करत होतो, तरी दोन तासांत झालं. मोबाइल जोडला, गाणं वाजलं. मी खूश.

मग गिटार जोडली. आवाज बारीक, आणि गोधडीखालून आल्यासारखा. मला वाटलं, आपलंच सोल्डरिंग कच्चं. तीनदा सांधे पुन्हा केले, त्यात बोर्डवरची तांब्याची एक चकती उखडली. केबलही बदलून पाहिली. काही फरक नाही.

शेवटी आयसीची डेटाशीट उघडली. आयसीचा इनपुट रोध सुमारे ५० किलोओम. त्याच्या आधी किटमध्ये १० किलोओमचा व्हॉल्यूम पॉट. म्हणजे गिटारला समोर दिसतात जेमतेम ८ किलोओम. मोबाइलचं आउटपुट हा भार सहज पेलतं. गिटारचा पिकअप म्हणजे मात्र बारीक तारेचं वेटोळं. त्याचा रोध ७ किलोओम आणि इंडक्टन्स ३ हेन्री धरा. ४ किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ७५ किलोओम होतो. केबलची कपॅसिटन्स सोडून ढोबळ गणित केलं, तर खालच्या सुरांचा निम्मा सिग्नल पोहोचतो आणि वरच्यांचा नवव्या हिश्श्याच्या आसपास. गोधडी ती हीच! पॉटच्या आधी एक जेफेट आणि १ मेगाओमचा इनपुट रेझिस्टर असलेलं छोटं बफर लावलं, आणि तारा मोकळ्या झाल्या.

आता समीक्षेचा मुद्दा. कागदात एकही वाक्य चुकीचं नाही. पण हे सर्किट कोणत्या सिग्नलसाठी आखलंय, हे कुठेच नाही. पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ‘लावा’ असं आहे. त्याने गेन २० वरून २०० होतो, हे नाही. वाटेत तपासायचं काय, तेही नाही. सिग्नल नसताना पिन ५ वर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साधारण ४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, एवढी एक ओळ असती तर आयसी ठीक आहे हे तिथेच कळलं असतं आणि मी सांध्यांच्या मागे लागलो नसतो.

हे सगळं इथे लिहितोय, कारण माझ्या लॅबमध्येही असंच झालं होतं. सिनियरकडून आलेल्या पद्धतीत ‘मल्टिमीटरने व्होल्टेज घ्या’ एवढंच होतं. मीटरचा इनपुट रोध १० मेगाओम, माझ्या सेन्सर फिल्मच्या बाजूचा ५ मेगाओमच्या घरात. मग मीटर खऱ्या व्होल्टेजचा दोन-तृतीयांशच दाखवणार. शिवाय गॅस सोडला की फिल्मचा रोध बदलतो, म्हणजे चूकही दर रीडिंगला वेगळी. दीड महिन्याची रीडिंग्ज पुन्हा घ्यावी लागली. सिनियरची फिल्म कमी रोधाची होती. त्याच्यासाठी पद्धत बरोबरच होती.

तुमच्यापैकी बरेच जण आता पेटची तयारी करताय, लवकरच कुणाची तरी पद्धत हातात येईल. ती जशीच्या तशी करून बघाच, त्यात कमीपणा नाही. पण सुरू करण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: ही कशासाठी आखली होती? माझं त्यापेक्षा वेगळं काय आहे? अर्ध्या वाटेवर कोणता आकडा दिसायला हवा? तिसऱ्याचं उत्तर सापडलं नाही, तर गाइडला विचारा. मी विचारलं नव्हतं.