नावाची पाटी आणि तारखेची वही

महाविद्यालयाच्या वृक्षोद्यानात शिरले की पहिली भेट होते ती पाट्यांशी. बुंध्याजवळ पत्र्याची एक पाटी, तिच्यावर झाडाचे मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि एका ओळीत उपयोग. या पाट्या लावणाऱ्यांचे कष्ट आम्ही कमी लेखत नाही. नाव कळल्याशिवाय ओळख सुरू होत नाही, हे खरेच आहे. पण अशी उद्याने आम्ही निरनिराळ्या ऋतूंत पाहिली, तेव्हा एक उणीव सारखी टोचत राहिली. झाड कोण आहे हे पाटी सांगते. ते आज काय करीत आहे आणि गेल्या वर्षी याच आठवड्यात काय करीत होते, याबद्दल ती गप्प असते.

वास्तविक वृक्षोद्यानात पाहण्यासारखे असते ते हेच. फेब्रुवारीत पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात आणि मकरंदासाठी तिथे मैना, बुलबुल, खारी आणि पाहुण्या आलेल्या भोरड्या यांची झुंबड उडते. त्याच सुमारास पिंपळ पाने टाकतो आणि थोड्याच दिवसांत तांबूस पालवीने भरून जातो. मार्चमध्ये कुसुंब लालभडक पालवी धरतो. एप्रिल-मे महिन्यांत बहावा पिवळा होतो. साग मात्र पावसाच्या तोंडावर पालवतो आणि पावसाळ्यात फुलतो. सप्तपर्णीचा उग्र वास येतो तो पावसाळा सरल्यावर. ‘शिशिरात पानगळ, वसंतात पालवी’ हे वर्गात सांगितले जाणारे वाक्य यातल्या किती झाडांना लागू पडते? जमीन कोरडी, ऊन कडक, पाऊस अजून दूर. अशा वेळी इतकी झाडे पालवतात तरी कशी? हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडायला हवा. पाटी वाचून तो पडत नाही.

वृक्षांवरच्या माहितीपुस्तकांबद्दलही आमची अशीच तक्रार आहे. ‘फुलोरा : मार्च ते जून’ अशी नोंद तिथे असते. ती चूक नसते. निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांचा मेळ घालून ती केलेली असते. पण चार महिन्यांच्या या ऐसपैस चौकटीत झाड दहा दिवस आधी फुलले काय किंवा दहा दिवस उशिरा फुलले काय, नोंद तीच राहते. म्हणजे जो बदल शोधायचा, तोच तिच्यात बुडून जातो.

तारखेची किंमत किती असू शकते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. बोस्टन शहरात हार्वर्ड विद्यापीठाचे आर्नोल्ड वृक्षोद्यान १८७२ सालापासून आहे. तेथील झाडांच्या फुललेल्या फांद्या दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून वर्षानुवर्षे जपल्या गेल्या. प्रत्येक कागदावर फांदी कोणत्या झाडाची आणि कोणत्या दिवशी तोडली, याची नोंद होती. रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८८५ ते २००२ या काळातील असे ३७२ नमुने घेतले. ज्या २२९ झाडांचे ते नमुने होते, ती झाडे अजून उभी होती. त्यांच्या फुलोऱ्याशी जुन्या तारखा ताडून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की १९०० ते १९२० या काळापेक्षा १९८० ते २००२ या काळात झाडे सरासरी ८ दिवस आधी फुलत होती. शहराचे तापमान वाढत गेले होते, त्याची ही खूण. ज्यांनी त्या फांद्या तोडल्या, त्यांच्या मनात हवामानबदल नव्हता. त्यांनी फक्त तारीख लिहिली होती.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. नमुना तोडला तो दिवस पहिल्या फुलाचा होता की बहर ओसरतानाचा, हे एका कागदावरून कळत नाही. पुष्कळ नमुने असले तरच सरासरीवर विसंबता येते. शिवाय शहर स्वतःच भोवतालपेक्षा गरम असते, त्याचाही वाटा या बदलात असतो. आणि बोस्टनचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येणार नाही. तिथे बर्फाळ हिवाळ्यानंतरची ऊब झाडांना जागे करते. आपल्याकडे दिवसाची लांबी, जमिनीतली ओल आणि पाऊस यांचा विचार करावा लागतो. म्हणूनच आपल्या नोंदी आपणच करायला हव्यात.

इथे आमचा खरा आक्षेप येतो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आपण वर्षानुवर्षे वाळवलेले नमुने करून घेतले. गुण दिले ते नीट दाबल्याबद्दल आणि नाव बिनचूक लिहिल्याबद्दल. तारखेचा रकाना जर्नल देण्याच्या आदल्या रात्री आठवेल तसा भरलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. परीक्षा झाली की ते गठ्ठे रद्दीत जातात. त्यांच्याबरोबर त्या आवारातील झाडांचा इतिहासही जातो आणि तो पुन्हा मिळवता येत नाही.

हे सुधारायला पैसा लागत नाही. बहावा फुलला की ठरावीक दिवसांनी पाऊस येतो, असे आपल्याकडे म्हणतात. कोणी पंचेचाळीस दिवस सांगतात, कोणी साठ. हे तपासून पाहू या. आवारातला एकच बहावा निवडावा. ‘फुलला’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे. पहिला उमललेला घोस की निम्मे झाड पिवळे? ‘पाऊस आला’ म्हणजे काय, तेही ठरवावे. वळवाची सर त्यात धरायची की नाही? मग दर आठवड्याला ठरलेल्या वारी पाने, कळ्या, फुले, शेंगा आणि झाडावर दिसलेले पक्षी-कीटक यांची नोंद करावी. काही दिसले नाही, तर ‘काही नाही’ असेही लिहावे. ती नोंदच आहे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातले विद्यार्थी आणि नागरिक अशीच ठरावीक झाडांची साप्ताहिक नोंद करतात. त्यात सहभागी होता येईल. पण शाळेची स्वतःची वही असावीच.

तीन-चार वर्षांत समजूत टिकते की कोसळते, याचा अंदाज येऊ लागेल. कोसळली तरी विद्यार्थ्यांचे नुकसान नाही. दावा कसा तपासायचा, हे ते शिकलेले असतील. मात्र वही वर्गशिक्षकाच्या कपाटात न राहता शाळेच्या दप्तरात राहिली पाहिजे. शिक्षक बदलतात, विद्यार्थी पुढे जातात. झाड तिथेच असते. पाटी एकदा रंगवली की काम संपते. वहीचे काम दर आठवड्याला उरते, आणि तेच विज्ञानाचे काम आहे.