टाक्यावरचा पहारा

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि चळवळीतले तीसेक कार्यकर्ते वेरूळची लेणी पाहायला निघाले. आजच्या भाषेत ही सहलच होती. प्रवास निजामाच्या राज्यातून होता. जात कळली तर अडचणी येणार, म्हणून आपण कोण हे कुठे सांगायचे नाही असे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. अंग धुळीने माखले होते. दरवाजाबाहेरच्या लहान हौदावर काहींनी हातपाय-तोंड धुतले आणि मंडळी दरवाजाशी गेली. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर आत सोडले ते एका अटीवर: किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. हात लागू नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानांनाही अस्पृश्यच, हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत या प्रसंगावरून नोंदवले आहे.

मराठीत दुर्गभ्रमणाचे वाङ्मय थोडे नाही. गो. नी. दांडेकरांनी तर पिढ्या गडावर नेल्या. गडावरच्या टाक्यातले गार पाणी हा या वाङ्मयातला हमखास प्रसंग. ते ओंजळीने पिताना लेखकाला इतिहास आठवतो, शिवाजी महाराज आठवतात. या पाण्यापाशी आपल्याला कोणी अडवले नाही, हे मात्र आठवण्याचे त्याला कारणच पडत नाही. यात कोणा एकाचा अपराध नाही. पण दौलताबादची ही सहल दुर्गभ्रमणाच्या पुस्तकात मला आजवर भेटलेली नाही. ती भेटते ती दलितांवरच्या अत्याचारांच्या खात्यात. किल्ला तोच, पाणी तेच, फक्त कपाट निराळे.

हे कपाटांचे राजकारण नीट पाहिले पाहिजे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ चे. त्याच वर्षी नागपूरला धर्मांतर झाले. 'ऋतुचक्र' हे थोर पुस्तक आहे. झाडाच्या सालीपासून ढगाच्या रंगापर्यंत इतके बारकाईने पाहणारी नजर मराठीत दुर्मिळ. परंतु पाहणारा आणि पाहिलेले यांच्यात तिथे फक्त सौंदर्याचे नाते आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) टोपल्या विणणारे कैकाडी आहेत. कोणत्या झुडपाचा फोक लवतो आणि कोणता मोडतो, हे त्यांच्या पोटाचे ज्ञान आहे. पावसाळा हा तिथे ऋतू नसून संकट आहे. मग 'उपरा' निसर्गवाङ्मय का नाही? प्र. ई. सोनकांबळे यांनी तर आत्मकथनाला नावच 'आठवणींचे पक्षी' दिले (१९७९), तरी पक्षिमित्र त्या वाटेला जात नाहीत! निसर्गाकडे फावल्या वेळी पाहिले तर ते निसर्गप्रेम, आणि त्यात राबून पाहिले तर ती वेदना, अशी वाटणी आपल्या समीक्षेने करून ठेवली आहे.

मुंबईतल्या दोन हिल पाहा: एक मलबार हिल, दुसरी अँटॉप हिल. पहिलीवर बागा. दुसरीच्या आसपास सरकारी नोकरांची वसाहत, झोपडपट्ट्या आणि पूर्वेला वडाळ्याची मिठागरे. जवळच माटुंगा लेबर कॅम्प. तिथे वाढलेल्या बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहिले. १९३४ च्या त्या सहलीला याहून नेमके शीर्षक मिळणार नाही. तीसही जणांनी जात चोरली होती आणि हौदावर ती सापडली.

अँटॉप हिलहून मिठागरे ओलांडली की शिवडी-माहुलच्या चिखलपट्ट्या येतात. दर हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात आणि शहरातले निसर्गप्रेमी दुर्बिणी घेऊन शिवडीच्या धक्क्यावर जमतात. चांगली गोष्ट आहे, आपल्या मुलांनीही जावे. पण दुर्बीण जरा पलीकडे वळवली तर तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून उभ्या माहुलच्या इमारती दिसतात. तानसा जलवाहिनीच्या दुतर्फा दहा मीटर जागा मोकळी करण्याच्या न्यायालयीन आदेशावरून उठवलेल्या हजारो कुटुंबांना २०१७ पासून तिथे नेऊन टाकले. माहुलच्या हवेत आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच सांगितले होते. माणसे आजारी पडली, काही मेली. विद्याविहारला जलवाहिनीशेजारी रस्त्यावर बसून लोकांनी आंदोलन केले, तेव्हा कुठे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की माहुलची सक्ती नको. दुसरे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे द्या. एकाच खाडीवर पक्ष्यांचा मुक्काम हा पर्यावरणाचा विषय ठरला आणि माणसांचा मुक्काम पुनर्वसनाचा.

मालाडचे उदाहरण याहून जड आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील झोपड्या हटवाव्यात म्हणून बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेने १९९५ साली याचिका केली. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि बुलडोझर लागले. जे पात्र, त्यांनी ७ हजार रुपये भरावेत आणि बाहेर घर घ्यावे, असे ठरले. पुष्कळांनी पैसे भरले आणि वाट पाहत तिथेच राहिले. मालाड पूर्वेच्या डोंगरउतारावर अशी एक वस्ती होती, नाव आंबेडकर नगर. २ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर महापालिकेच्या जलाशयाची भिंत आंबेडकर नगर आणि पिंपरीपाड्यावर कोसळली. तीसच्या आसपास माणसे गेली. जंगल वाचावे हे मलाही मान्य आहे. या जंगलातल्याच तुळशी-विहारचे पाणी ही मुंबई पिते. पण याचिका करताना ज्यांना 'अतिक्रमण' म्हटले, त्यांच्यापैकी एक जण तरी त्या संस्थेच्या बैठकीत बसता, तर घर आधी आणि बुलडोझर नंतर, एवढा तरी क्रम लागला असता.

अमेरिकेतल्या काळ्यांनी हाच वाद घातला. १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातील वॉरेन काउंटीत, बहुसंख्य काळ्या वस्तीशेजारी, विषारी माती पुरायचे ठरले तेव्हा माणसे ट्रकांपुढे रस्त्यावर आडवी झाली. विषारी कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचे नाते १९८७ मध्ये एका चर्चसंस्थेच्या अहवालाने आकड्यांनी मांडले. १९९१ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेत पर्यावरणीय न्यायाची १७ तत्त्वे मंजूर झाली. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या सिएरा क्लबने आपल्या संस्थापकाच्या वंशवादी उद्गारांची जाहीर कबुली दिली, ती २०२० मध्ये. ब्लॅक पँथरकडून १९७२ साली आपण नाव घेतले. हा धडा मात्र घ्यायचा राहिला.

इथे आपल्याकडेही बोट वळते. निसर्ग म्हणजे पांढरपेशांची चैन, असे म्हणून आपण तो विषय सोडून दिला. त्याला सबळ कारण होते. आपल्याकडची पर्यावरणाची भाषा गांधींच्या खेड्यातून आली, आणि त्या खेड्याबद्दल बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत काय बोलले ते आपण विसरलेलो नाही. ज्या गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्या गावाकडे चला म्हणणाऱ्यांच्या मागे कोण जाईल? मुकुल शर्मा यांनी २०१७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात जात आणि निसर्ग यांचे हे नाते उलगडले आहे. पण १९२७ चा महाडचा सत्याग्रह हा पाण्याच्या हक्काचा लढा होता, १९७२ ची 'एक गाव एक पाणवठा' ही पर्यावरणाचीच मोहीम होती, हे सांगायला आपल्याला बाहेरचे पुस्तक कशाला हवे होते?

हल्ली काही संस्था म्हणतात, आमच्या सहलींना वस्तीतली मुले येत नाहीत, त्यांना सामावून घ्यायचे आहे. हेतू बरा आहे. पण दौलताबादलाही आत सोडले होतेच. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागरे धारावीच्या 'अपात्र' रहिवाशांच्या घरांसाठी मंजूर केली. पर्यावरणवादी म्हणतात, मिठागरे बुजवली तर शहर बुडेल. ते खरे आहे. सरकार म्हणते, गरिबांना घरे हवीत. तेही खरे आहे. धारावी ते अँटॉप हिल अंतर फार नाही. तिथल्या माणसाला धारावीतच घर हवे की मुलुंडच्या मिठागरात, हे संस्थांनी सहलीचे आमंत्रण देण्याआधी त्याच्या दारात जाऊन विचारावे, आणि तो जे सांगेल ते याचिकेच्या पहिल्या पानावर घालावे.