आर्मिनचं टेबल

(स्पॉयलर आहेत. ‘अटॅक ऑन टायटन’ बघायची असेल तर आधी बघून या.)

हॉटेलातलं टेबल. एरेनसमोर आर्मिन आणि मिकासा. आर्मिनला फक्त बोलायचंय. एरेन दोघांच्याही वर्मावर घाव घालतो आणि बोलणं मारामारीवर जातं.

मला आर्मिनची चूक ओळखीची वाटते. माझा रूममेट ऑप्शन ट्रेडिंगमध्ये बुडत होता, तेव्हा मी त्याला एक्सेल शीट करून दाखवली होती. आकडे त्यालाही माझ्याइतकेच कळत होते.

२०२३च्या अखेरच्या भागात, ८० टक्के माणसं चिरडणारा एरेन आर्मिनजवळ कबूल करतो की बेट आणि मित्र वाचवायचे होतेच, पण मोकळं, सपाट जग त्याला मुळातच हवं होतं. विवेक कारणं खोडू शकतो, ओढ नाही. मैत्रीनेही तो थांबत नाही. शेवटी मिकासाला त्याचं शीर कापावं लागतं.

मग मैत्री कशाला? बाहेरच्या जगाचं पुस्तक एरेनला लहानपणी आर्मिननेच दाखवलं होतं. ते आठवून आर्मिन त्या पापात स्वतःचा वाटा मागतो, नरकातही सोबत असेन म्हणतो. यात माफी नाही, म्हणूनच मला ते पटतं.

रूममेटला ट्रेडिंगचं ॲप मीच दाखवलं होतं. शीटमध्ये ती नोंद नव्हती.