व्यापारी कायद्याचीं उगमस्थानें व आमचीं दप्तरें

व्यापारशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं कायद्याचीं जीं क्रमिक पुस्तकें निघतात, त्यांचें पहिलें प्रकरण बहुधा एकाच सांच्यांतून काढलेलें असतें. विधिमंडळाचे कायदे, वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय, इंग्लंडांतील व्यापारी कायदा आणि सर्वांत खालीं रूढि, अशी उगमस्थानांची उतरंड मांडावयाची. दिवाणी, फौजदारी वगैरे प्रकार सांगावयाचे. आणि अर्थ लावण्याचे दोन-चार नियम देऊन प्रकरण आटोपावयाचें. प्रकारांविषयीं आमची तक्रार नाहीं. शिकविण्याच्या सोयीपुरते ते ठीक आहेत. उतरंडीविषयीं मात्र आहे. कारण रूढीस तींत जी तळची जागा मिळते, तिचा परिणाम आम्हां संग्राहकांच्या वागणुकींतही दिसूं लागला आहे.

पेशवाई बुडाल्यावर नऊ वर्षांनीं, म्हणजे १८२७ सालीं, मुंबई इलाख्यासाठीं जीं रेग्युलेशनें झालीं त्यांपैकीं चौथ्याचें २६ वें कलम पाहावें. दाव्यांत कोणता कायदा लावावा याचा क्रम त्यांत दिला आहे. प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारचीं रेग्युलेशनें. तीं नसतील तेथें ज्या मुलखांत दावा उद्भवला तेथील वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि हें कांहींच नसेल तर न्याय, समता व सद्विवेक. म्हणजे प्रतिवादी हिंदु असल्यास त्याचें धर्मशास्त्र तिसऱ्या पायरीवर, आणि वहिवाट त्याच्या वर दुसऱ्या! पुढें १८६८ सालीं रामनाडच्या दत्तकप्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनेंही, वहिवाटीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो ग्रंथांतील वचनाहून भारी ठरतो, असा निर्णय दिला. क्रमिक पुस्तकांची उतरंड या दोन्ही आधारांपुढें टिकत नाहीं.

ही वहिवाट कशावरून ठरवावयाची? त्याच १८२७ सालीं दोन पुस्तकें छापून निघालीं. बोराडेलनें नीळकंठभट्टाच्या व्यवहारमयूखाचें भाषांतर केलें, आणि स्टीलनें दक्षिणेंतील जातींच्या कायद्याचा व चालीरीतींचा गोषवारा तयार केला. स्टीलच्या श्रमांविषयीं आदर बाळगूनही म्हणावें लागतें कीं, शास्त्र्यांस व जातींच्या प्रमुखांस प्रश्न विचारून जी रूढि मिळते ती सांगितलेली रूढि होय. सांगणारा आपली चाल कशी असावी तें सांगतो. पाळलेली चाल पाहावयाची तर त्याची रोजकीर्द व खतावणी उघडली पाहिजे.

हुंडीचेंच घ्या. १८८१ च्या परक्राम्य लेखांच्या कायद्यानें आपल्या पहिल्याच कलमांत देशी भाषेंतील लेखांविषयींची स्थानिक वहिवाट अबाधित ठेविली आहे. हुंडीच्या मजकुरांतच तसा हेतु दर्शविला असेल तरच ती बाजूस सरते. मग शहाजोग हुंडींतील ‘शहा’ कोण, त्याच्या हातीं पैसे दिल्यावर हुंडी चोरीची निघाली तर भरपाई कोणी करावी, हुंडी हरवल्यास पेठ आणि पेठही हरवल्यास परपेठ कोणत्या रीतीनें द्यावी, यांचीं उत्तरें कायद्याच्या पुस्तकांत शोधून काय उपयोग? तीं पेढ्यांच्या कागदांत आहेत.

आतां अर्थ लावण्याविषयीं. पोथ्यांचे पाठ जुळविणारांस दामदुपटीचें उदाहरण विशेष रुचेल. व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे नेऊं नये, या मनुवचनांत ‘सकृदाहिता’ व ‘सकृदाहृता’ असे दोन पाठ आहेत. फरक एका अक्षराचा. ‘हि’ कीं ‘हृ’. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत दोन्ही पाठांचा विचार केला आहे. दुसऱ्या पाठानें अर्थ असा निघतो कीं, एकदम घेतलेल्या व्याजासच ही मर्यादा. दरमहा किंवा दरसाल थोडें थोडें उगवलेलें व्याज एकूण दुपटीपलीकडे गेलें तरी हरकत नाहीं. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांनीं नियम लाविला तो याच धोरणानें : एका वेळीं थकलेलें व्याज मुद्दलाहून अधिक मागतां येत नाहीं. १८५५ सालीं व्याजदराचे निर्बंध उठले तरी मुंबईच्या न्यायालयानें दामदुपट कायम मानली, आणि १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यांत तीच मर्यादा कलमाच्या रूपानें आली. शास्त्रवचन, टीकाकाराचा अर्थ, न्यायालयाचा निर्णय व विधिमंडळाचा कायदा हीं चार उगमस्थानें येथें एका पाठभेदाशीं येऊन मिळतात. एवढें एक उदाहरण जरी पुस्तकांत दिलें असतें, तरी विद्यार्थ्यास तें नियमांच्या यादीहून अधिक शिकवून गेलें असतें.

परंतु दोष एकट्या पुस्तककारांचा नाहीं. मयूखाची पोथी मिळाली तर आम्ही ती रेशमी रुमालांत बांधतों, आणि त्याच माळ्यावरील वह्यांचे गठ्ठे रद्दींत जाऊं देतों. शिक्क्यासाठीं किंवा अक्षरासाठीं एखादी हुंडी वा निवाडपत्र काढून घेऊन बाकीचें दप्तर सोडून देणें हें तर त्याहून वाईट. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें नियमितपणें ठेविलेल्या हिशेबाच्या वह्यांस पुराव्यांत जागा दिली. मात्र केवळ त्यांवरून कोणावर देणें लादतां येत नाहीं, असेंही बजाविलें. तीस वर्षांच्या जुन्या कागदाविषयींचें अनुमानही तो योग्य ताब्यांतून आला असेल तरच धरतां येतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानें हीं तत्त्वें सोडलेलीं नाहींत, आणि इतिहासकाराची कसोटी याहून सैल असण्याचें कारण नाहीं. सुटा कागद बाजारांतून हातीं आला कीं त्याचा ताबा कोणाचा होता हेंच सांगतां येत नाहीं. शिवाय एका पेढीची रीत ही वहिवाट नव्हे. चार गांवच्या पेढ्यांच्या वह्या शेजारीं ठेवल्याखेरीज तसें म्हणतां येणार नाहीं.

दामदुपटीपुरता एक शोध हातीं घेण्याजोगा आहे. व्याज मुद्दलाइतकें होतांच सावकार थांबत होता, कीं तें मुद्दलांत मिळवून ऋणकोकडून नवें खत करून घेत होता? नव्या व्यवहारानें वाढ पुन्हां सुरू होते असें मिताक्षरेचें म्हणणें आहे, तेव्हां ही पळवाट शास्त्र्यांस ठाऊक होतीच. पेढ्यांनीं ती किती वापरली तें खतावण्यांवरून ठरेल. ज्यांच्या संग्रहीं एका घराण्याच्या सलग वीस-पंचवीस वर्षांच्या वह्या असतील, त्यांनीं पानें न विसकटतां खात्यांचे उतारे, वहीचा ठावठिकाणा व ती कोणाकडून मिळाली या माहितीसह, त्रैमासिकाकडे पाठवावे.